पहिला गेमिंग पीसी: तयार ‘आय-७ सेट’ की रायझन ५ ५६००जी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठल्याही शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक जाहिरात हमखास दिसते: ‘गेमिंग पीसी. आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट.’ भाव असा लावलेला असतो की घरचे फार घासाघीस न करता हो म्हणतात. त्याच पैशात, किंवा त्यात थोडी भर घालून, एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घालून नवा पीसी जुळवता येतो. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, म्हणून कागदावर तो गरीब दिसतो. प्रत्यक्षात गेम चालवायला तोच पुढे आहे, आणि पुढची पाच वर्षं वाढवत नेता येईल असाही तोच आहे. मराठवाड्यातली वीज, ऊन आणि धूळ धरून हा सगळा हिशेब खाली मांडला आहे, कारण इथे पीसी जळतो तो बहुतेक वेळा गेममुळे नाही, या तीन गोष्टींमुळे.

आधी तो तयार सेट उघडून पाहू. ‘आय-७’ हे नुसतं घराण्याचं नाव आहे, पिढी कोणती ते त्यापुढच्या आकड्यात असतं. या सेटमध्ये बहुतेकदा आय-७ २६०० किंवा ४७७० निघतो. पहिला २०११चा, दुसरा २०१३चा. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून लॉटमध्ये निघालेले हे प्रोसेसर नव्या कॅबिनेटमध्ये बसवून विकले जातात. चार कोर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). २०२२ साली आलेल्या आय-३ १२१००एफ या स्वस्त प्रोसेसरलाही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोर या जुन्या आय-७ला खूप मागे टाकतो. शिवाय जुन्या मदरबोर्डावर रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची, म्हणजे पुढे नवा बोर्ड घेतला की ती रॅम फेकायचीच. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंट हा ऑनलाइन शूटिंग गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षेच्या सोयी मागतो. जुन्या बोर्डावर यापैकी काही नसेल तर जुगाड करून विंडोज ११ टाकलं तरी हा गेम सुरू होत नाही. घरी नेल्यावर पहिल्याच संध्याकाळी हे कळतं, आणि तोवर दुकानाचं शटर पडलेलं असतं.

आता ते ‘४ जीबी कार्ड’. बहुतेक ठिकाणी ते जीटी ७३० असतं, २०१४चं. कार्डावर मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने वाहते हे गेमसाठी महत्त्वाचं. या कार्डाच्या डीडीआर३, ६४ बिट प्रकारात सेकंदाला १४ जीबीच्या आसपास डेटा जातो. ५६००जीला डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन स्टिक लावल्या की त्याच्या आतल्या ग्राफिक्सला ५१.२ जीबी मिळतो (तो प्रोसेसरसोबत वाटून घ्यावा लागतो, तरीही). म्हणून कार्ड नसलेला पीसी कार्ड असलेल्या पीसीला हरवतो. जीटी १०३० घेताना हाच सापळा आहे: त्याचा जीडीडीआर५ प्रकार कामचलाऊ आहे, डीडीआर४ प्रकार मात्र नाव तेच ठेवून निम्म्याहून कमी वेगाची मेमरी देतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. दुकानात पीसी चालू करायला लावा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूवर क्लिक केलं की उजवीकडे वर पूर्ण नाव येतं. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी. मेमरीवर क्लिक केलं की वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. मग पेन ड्राइव्हवर नेलेलं जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. जुन्या कार्डाचा बायोस (त्याच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा चालतो. अशा बनावट कार्डाच्या नावाआधी हे सॉफ्टवेअर चौकटी कंसात ‘फेक’ असं इंग्रजीत लिहून दाखवतं. दुकानदाराने ‘सॉफ्टवेअर टाकायचं नाही’ म्हटलं तर सरळ निघा.

एक न्याय मात्र द्यायला हवा. जुना सेट अगदी कमी पैशात मिळत असेल आणि काम टॅली, टायपिंग, ऑनलाइन अर्ज, सोबत जीटीए सॅन अँड्रियाससारखे जुने गेम एवढंच असेल, तर तो वाईट नाही. त्याला ‘गेमिंग’ म्हणून वर चढवलेले पैसे देऊ नका, इतकंच.

५६००जी २०२१मध्ये आला. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आत व्हेगा ७ ग्राफिक्स, सोबत खोक्यातच कूलर. १०८०पीवर (फुल एचडीवर) सेटिंग लो ठेवून व्हॅलोरंट सेकंदाला शंभर फ्रेमच्या (चित्रांच्या) वर चालतो. जीटीए ५ नॉर्मलवर ५० ते ६०. काउंटर-स्ट्राइक २ लोवर ६०च्या आसपास, पण धूर पसरला की खाली येतो, तिथे रिझोल्यूशन कमी करावं लागतं. सायबरपंक २०७७सारखे जड गेम ७२०पीवर ३० फ्रेमपर्यंत ओढत न्यावे लागतात. ते खेळायचेच असतील तर कार्डाशिवाय सुटका नाही. फ्री फायर ब्लूस्टॅक्सवर (पीसीवर मोबाइलचे गेम चालवणाऱ्या इम्युलेटरवर) छान चालतो, फक्त बोर्डाच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एसव्हीएम हा पर्याय चालू करावा लागतो. पुष्कळ बोर्डांवर तो बंद असतो, आणि मग इम्युलेटर रखडतो आणि दोष प्रोसेसरला जातो. बीजीएमआयची पीसीसाठी अधिकृत आवृत्ती नाही, त्यामुळे इम्युलेटरवर खेळून आयडी गमवायची जोखीम घेऊ नका.

वरचे सगळे आकडे दोन स्टिकचे आहेत. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, तो रॅमच वापरतो. एकच स्टिक लावली की ५१.२चे २५.६ होतात आणि फ्रेमचा तिसरा हिस्सा सहज जातो. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे भाव बसवायला ‘आत्ता ८ जीबीची एकच घ्या, दुसरी नंतर लावू’ असं काउंटरवर सुचवलं जातं. ५६००जीच्या बाबतीत हे ऐकू नका. दुसरं काहीही मागे ठेवा, कॅबिनेट साधी घ्या, कीबोर्ड जुना वापरा, पण ८ अधिक ८ अशा एकाच कंपनीच्या, एकाच वेगाच्या दोन स्टिक पहिल्या दिवशी लावून घ्या. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. शेजारीशेजारी लावल्या तर दोन असूनही काम एकीचंच होऊ शकतं.

मग बायोस. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी पहिल्यांदा ती बहुधा २४०० किंवा २६६६वरच चालते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचं प्रोफाइल चालू केलं की ३२०० होतं. त्याच जागी यूएमए फ्रेम बफर (रॅममधला ग्राफिक्सचा वाटा) म्हणून एक सेटिंग असते, ती ऑटोवरून २ जीबी करा. काही गेम सुरू होतानाच ग्राफिक्स मेमरी तपासतात आणि ५१२ एमबी दिसली की नकार देतात. १६ जीबीमधले २ जीबी तिकडे गेले तरी विंडोज आणि गेमला १४ उरतात. ८ जीबीवर मात्र हा वाटा झोंबतो, हे १६ घ्यायचं आणखी एक कारण.

५६००जीच्या उण्या बाजूही स्पष्ट आहेत. एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, तर ५६०० या त्याच्या भावाला ३२ एमबी. पुढे कार्ड लावल्यावर हा फरक काही गेममध्ये जाणवतो. कार्ड आणि प्रोसेसरमधला पीसीआय एक्स्प्रेस हा मार्ग ३.०वरच थांबतो. आणि एएमडीने २०२३च्या शेवटी व्हेगा ग्राफिक्सचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत काढले, म्हणजे नव्या गेमसाठीच्या सुधारणा त्याला पूर्वीसारख्या मिळत नाहीत. म्हणून हा प्रोसेसर ‘कार्ड कधीच घेणार नाही’ म्हणणाऱ्यासाठी नाही. वर्षा-दोन वर्षांत कार्ड घ्यायचं, तोवर अभ्यास आणि हलके गेम चालवायचे, अशांसाठी तो आहे. हातात आत्ताच कार्डापुरते पैसे असतील तर ५६००जी सोडा आणि ५६०० किंवा इंटेलचा आय-५ १२४००एफ घ्या. या दोन्हींत आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं की पीसी तितके दिवस आंधळा, हे मात्र लक्षात ठेवून घ्या. ५५०० हा मधला पर्याय स्वस्त दिसतो, पण त्यात ५६००जीची कमी कॅश आहे आणि आतलं ग्राफिक्सही नाही.

बोर्ड ए५२० चिपसेटचा पुरे. ५६००जी स्वतःच पीसीआय ३.०चा असल्यामुळे बी५५०ला जास्त पैसे मोजून कार्डाला वेग मिळत नाही. मागे एचडीएमआय पोर्ट आणि आत एनव्हीएमई एसएसडीचा (बोर्डावर थेट बसणाऱ्या वेगवान डिस्कचा) एम.२ स्लॉट आहे ना, एवढं पाहा. दुकानात पडून असलेला जुना बी४५० मिळाला तर बायोस रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलाय का ते लावून दाखवायला सांगा, नाहीतर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. एसएसडी ५०० जीबीची घेतली तर एकटा जीटीए ५ सव्वाशे जीबीच्या आसपास जागा खातो, हे धरून चाला. १ टीबी परवडत असेल तर तीच घ्या. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर असे गेम उतरत नाहीत. मित्राकडून स्टीमचं (गेम विकत घेऊन उतरवायच्या ॲपचं) फोल्डर हार्डडिस्कवर आणायचं आणि आपल्या खात्यात गेम असेल तर फाइल तपासून घ्यायच्या, पुन्हा सगळं डाउनलोड करावं लागत नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. पहिल्या पीसीत सगळ्यात जास्त हलगर्जीपणा इथेच होतो, कारण तो दिसत नाही आणि त्याने फ्रेम वाढत नाहीत. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं. तो आकडा सोडा, बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते पाहा आणि १२ने गुणा. समजा १६ अँपियर लिहिलेत, तर झाले १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात. ५६००जी पूर्ण ताणावर ८८ वॉटपर्यंत घेतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉट. बेरीज २२०. पंखे, एसएसडी बाजूलाच राहिले. असा एसएमपीएस वर्षभर कार्डाशिवाय गुपचूप चालतो आणि कार्ड लावल्यावर गेमच्या ऐन लढाईत पीसी बंद पाडतो. नशीब चांगलं असेल तर नुसता बंद पडतो. संरक्षणाचे सर्किट गाळून किंमत कमी केलेला असेल तर जाताना बोर्डही घेऊन जातो.

म्हणून कार्ड आत्ता नसलं तरी ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझचा (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस पहिल्याच दिवशी घ्या. चांगल्या ५५०च्या लेबलवर +१२ला ४० अँपियरच्या आसपास किंवा जास्त दिसतात आणि कार्डासाठी ६+२ पिनची वायर असते. पाठीमागे लाल सरकबटण असून त्यावर ११५/२३० लिहिलं असेल, तर तो जुन्या घडणीचा स्वस्त माल समजा. ते बटण चुकून ११५वर गेलं आणि आपल्या २३०ला जोडलं की मोठा आवाज होऊन खेळ संपतो. चांगल्या एसएमपीएसला हे बटण नसतंच, तो १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतो. संध्याकाळी व्होल्टेज १८०वर येणाऱ्या गावात याचं मोल कळतं.

वीज नुसत्या व्होल्टेजने बिघडत नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. त्याचं कारण एसएमपीएसमधला बिघाड नव्हे, घराला नसलेलं अर्थिंग. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, तो थोडा प्रवाह अर्थच्या वायरीत सोडतो. अर्थच नसेल तर तो प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर साठून राहतो. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तितकेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये शंभर-सव्वाशे किंवा काहीच दिसत नसेल तर अर्थिंग नावापुरतं आहे. मीठ-कोळशाचा खड्डा घेऊन पत्रा पुरून घ्या, ते अर्थिंग घरातल्या फ्रिजलाही वाचवतं. थ्री-पिनची जाड अर्थ पिन काढून टू-पिनमध्ये खोचणं कुणीही करू नये.

लाइट जाण्यासाठी यूपीएस लागतोच. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. कार्ड नसलेला ५६००जी आणि मॉनिटर मिळून त्यावर आरामात चालतात, गेम सेव्ह करून बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळतात. आरएक्स ६६०० लावल्यावर १००० व्हीए, ६०० वॉटचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर दोन गोष्टी पाहा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, कारण चांगल्या एसएमपीएसमधलं ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) स्क्वेअर वेव्हवर गुरगुरतं किंवा बंद पडतं. आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाइट गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि पीसी रिस्टार्ट होतो.

परभणी-नांदेडकडचा मे महिना कुठल्याही कूलरची परीक्षा घेतो. खोक्यातला कूलर हिवाळ्यात ठीक, पण खोलीच ४० अंशांवर असेल तर प्रोसेसर ८५-९०ला जाऊन बसतो. ५६००जीची मर्यादा ९५ अंश आहे, तिथे तो जळत नाही, वेग कमी करतो. गेम दुपारी अडखळतो आणि रात्री सुरळीत चालतो, याचं उत्तर बहुधा इथेच असतं. पुढून काच असलेली आरजीबी कॅबिनेट घेऊ नका, हवा आत जायला जागाच नसते. पुढे जाळी, पुढे एक पंखा आत ओढणारा आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बास. उन्हाळ्यात बायोसमधून ४५ वॉटचा इको मोड लावला तर काही फ्रेम जातात, पण तापमान चांगलंच उतरतं.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नये. बोअरचं क्षारयुक्त पाणी बारीक तुषारांनी आत जातं आणि बोर्डाच्या पिनांवर पांढरा थर धरतो. सोयाबीन-तुरीची मळणी चालू असते तेव्हा भुसा आणि बारीक धूळ खिडक्या लावूनही येते. त्या दिवसांत पंधरा दिवसांनी जाळी काढून ब्रशने झाडा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. छोटा ब्लोअर वापरा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो जोरात फिरला तर बेअरिंग खराब होते आणि उलटी वीज बोर्डात जाऊ शकते.

पुढे कार्ड घ्याल तेव्हा आरएक्स ६६०० हे अजूनही समतोल नाव आहे: ८ जीबी मेमरी, १०८०पीवर बहुतेक गेम हाय सेटिंगवर ६०च्या वर. आरएक्स ६५०० एक्सटी या पीसीत घालू नका. ते पीसीआयच्या चारच लेनवर चालतं, ५६००जीच्या ३.० वेगावर त्याचा दम तुटतो आणि त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठीचा एन्कोडरही नाही. एसएमपीएस बदलायची तयारी नसेल तर आरटीएक्स ३०५०चा ६ जीबी प्रकार बघा, तो ७० वॉटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालतो. सेकंडहँड आरएक्स ५८० स्वस्त मिळतं, पण त्यातलं ‘२०४८एसपी’ हे मूळ २३०४ शेडरचं (चित्र तयार करणाऱ्या छोट्या कोरचं) कार्ड नाही, आणि क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवसरात्र तापलेला मालही बराच असतो.

खरेदी कुठे करायची? देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोड, किंवा नांदेडकडून सिकंदराबाद-हैदराबाद, हे मार्ग जुने आहेत आणि भाव खरोखर उतरतात. फक्त एसएमपीएस किंवा बोर्ड गेला तर तो परत नेणार कोण, हे आधी ठरवा. आमचं मत असं की प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे क्वचित बिघडणारे भाग कुठूनही घ्या. बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर मात्र असे घ्या, ज्यांचं सर्व्हिस सेंटर किंवा घेऊन जाणारा विक्रेता तुमच्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात आहे. प्रोसेसर खोक्यातलाच मागा. ‘ट्रे पीस’ (खोक्याशिवायचा सुटा प्रोसेसर) स्वस्त असतो, पण त्याची वॉरंटी बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावरच असते आणि कूलर वेगळा घ्यावा लागतो. बिल पक्कं, १८ टक्के जीएसटीसह, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’ असं बिल वॉरंटीच्या वेळी कामाचं नाही.

जोडून झाल्यावर पैसे देण्याआधी अर्धा तास मागा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम ३२०० आणि दोन स्लॉट भरलेले दिसले पाहिजेत. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा, बाजूला एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. एसी दुकानात ते ८० ओलांडत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, पेस्ट आणि चारही स्क्रू पुन्हा बघायला लावा. मॉनिटर १०० हर्ट्झचा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो स्वतः १००वर करा, बहुतेक वेळा तो ६०वरच सोडलेला असतो. आणि कार्ड लावलेल्या पीसीत मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, कार्डालाच जोडलेली आहे हे मागे वाकून पाहा. ५६००जीमध्ये बोर्डाची एचडीएमआयसुद्धा चित्र दाखवते, त्यामुळे कार्ड रिकामं बसलंय हे कित्येकांच्या महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.